फिरते घर आणि हिवाळ्यातील ऊन पाणी

उत्तर अमेरिकेत ज्याला संक्षेपाने ‘आरव्ही’ म्हणतात ते चाकांवरचे घर मुळात उन्हाळ्यासाठी जन्मास आलेले आहे. त्याच्या भिंतींची जाडी, तळाखालून नेलेले नळ, पोटाशी बांधलेल्या पाण्याच्या टाक्या आणि कपाटाएवढ्या जागेत बसवलेले न्हाणीघर यांपैकी प्रत्येक जिन्नस मे ते सप्टेंबर या हंगामातील सहलींचा हिशेब धरून योजलेला असतो; आणि इंडियाना राज्यातील एल्कहार्ट गावाच्या आसमंतात, जेथे या धंद्याचे माहेरघर आहे, तेथे हिवाळा चांगलाच कडक असूनही तिथल्या कारखान्यांतून निघणाऱ्या बहुतेक गाड्या थंडीशी झुंजण्याची फारशी तजवीज न करताच रस्त्यावर येतात. बहुसंख्य मालकांचे त्यावाचून काही अडत नाही. पहिला बर्फ पडण्यापूर्वीच ते गाडीतील पाणी काढून तिला अंगणात उभी करतात, अथवा ॲरिझोनातील क्वार्ट्‌झसाइटसारख्या उबदार वाळवंटी मुक्कामाची वाट धरतात. परंतु या दोहोंत न बसणारा एक तिसरा वर्ग आहे. उत्तर डाकोटातील विलिस्टन गावाभोवती तेलविहिरींची भरभराट झाली तेव्हा, म्हणजे साधारणतः २००८ ते २०१४ या वर्षांत, राहावयास घरे मिळेनाशी झाल्यामुळे कितीतरी कामगारांनी गाडीच्या तळाभोवती फोमचे तक्ते आणि गवताच्या गाठी रचून तिथले गोठवणारे हिवाळे अशाच गाड्यांतून काढले. कोलोरॅडोच्या डोंगरांत बर्फावरील खेळांसाठी जाणारे हौशी लोक आणि राहते घर विकून बारमाही गाडीतच संसार थाटलेली कुटुंबे आजही तेच करीत आहेत. सकाळच्या स्नानाचे ऊन पाणी हा या मंडळींच्या दृष्टीने चैनीचा नव्हे, तर रोजच्या बंदोबस्ताचा प्रश्न असतो. आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत टाकीच्या गिझरऐवजी टाकीविना चालणारा गॅसचा इन्स्टंट गिझर या गाड्यांत येऊ लागल्यापासून हा प्रश्न सुटला त्याहून अधिक गुंतागुंतीचा झाला आहे.

पूर्वापार या गाड्यांत सहा किंवा दहा गॅलनांची, म्हणजे २३ किंवा ३८ लिटरांची, टाकी असलेला गिझर बसवीत. आपल्याकडील तांब्याचा बंब ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचे तत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही: आधी पाण्याचा साठा करावयाचा, तो सावकाश तापवावयाचा आणि मग तो संपेपर्यंत तोटी उघडून वापरावयाचा. अशा गिझरची ज्योत बेताची असते, ताशी सुमारे १२,००० बीटीयूची (बीटीयू हे उष्णता मोजण्याचे इंग्रजी एकक). ती थंडगार पाण्याची टाकी तापवावयास अर्धा तास घेते. बिनटाकीचा गिझर याच्या अगदी उलट विचाराने चालतो. त्यात साठा नसतोच. पाणी नळातून वाहू लागले की ज्योत पेटते, आणि वाहत्या पाण्याला वाटेतच काय ती उष्णता मिळते; म्हणूनच तिथली ज्योत तिपटी-चौपटीहून मोठी, ४२,००० ते ६०,००० बीटीयूंची, ठेवावी लागते. ही कल्पना नवीन नाही. लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉनने १८६८ साली वायूच्या ज्योतीवर वाहते पाणी तापवणारे यंत्र काढले, परंतु त्याला धुराडे नव्हते, आणि बंद न्हाणीघरात ते चालवणे म्हणजे जिवाशी खेळ होता. पुढे संपूर्ण धातूचे पहिले व्यवहार्य विमान बनवणारा ह्यूगो युंकर्स याचा देसाऊ येथील प्रारंभीचा व्यवसायही अशा स्नानयंत्रांचाच होता, ही गोष्ट विमानविद्येच्या इतिहासात सहसा एका ओळीत आटोपली जाते. वास्तविक पातळ धातूच्या पत्र्यांतून उष्णता कशी झटपट न्यावी हे तो तेथेच शिकला, असे म्हणण्यास हरकत नसावी. मॉनच्या यंत्रातील दोष मात्र आपल्या ओळखीचा आहे. पुण्या-मुंबईच्या कोंदट न्हाणीघरांत लावलेल्या गॅस गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइडने माणसे दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचावयास मिळतात. आरव्हीमधील गिझरची ज्वलनपेटी राहत्या जागेपासून पूर्णपणे तोडलेली असते; ज्योतीला लागणारी हवा ती गाडीच्या बाहेरच्या भिंतीतील जाळीच्या दारातून घेते आणि धूरही त्याच दारातून बाहेर टाकते. माणसाच्या जिवाच्या दृष्टीने ही योजना निर्दोष आहे. यंत्राच्या जिवाच्या दृष्टीने ती तशी नाही, हे पुढे दिसून येईल.

प्रथम ज्योतीच्या सामर्थ्याचा हिशेब पाहू, कारण विक्रेत्याच्या ‘अखंड गरम पाणी’ या आश्वासनाची कसोटी त्यावरच लागते. ताशी ४२,००० बीटीयू म्हणजे मिनिटाला सुमारे १७५ किलोकॅलरी, आणि धुराबरोबर जाणारा पाचवा हिस्सा वजा केल्यास पाण्याच्या पदरात १४० पडतात. एक लिटर पाणी एक अंशाने तापवावयास एक किलोकॅलरी लागते. तेव्हा मिनिटाला वाहणारे लिटर आणि तापमानातील वाढीचे अंश यांचा गुणाकार १४० च्या वर जाऊ शकत नाही, हा या यंत्राचा न मोडता येणारा कायदा समजावा. जुलै महिन्यात आत येणारे पाणी २२ अंशांचे असेल तर ते ४० अंशांवर नेण्यास १८ अंशांची वाढ पुरते, आणि मिनिटाला पावणेआठ लिटरांची धार बिनतक्रार मिळते. जानेवारीत मिनेसोटासारख्या राज्यातील नळाचे पाणी चार अंशांच्या आसपास असते. आता वाढ हवी ३६ अंशांची, आणि त्याच ज्योतीत तेवढी वाढ मिनिटाला चार लिटरांपेक्षा अधिक पाण्याला देण्याची ताकद नाही. न्हाणारा माणूस मात्र सवयीने तोटी पूर्ण उघडतो. समजा, धार साडेसहा लिटरांची झाली, तर त्याच्या अंगावर पडणारे पाणी २५-२६ अंशांचे असते, ज्याला आपण कोमट म्हणावयासही कचरू. तेव्हा तो सेवाकेंद्राकडे तक्रार नेतो की गिझर बिघडला. गिझर बिघडलेला नसतो. तो आपल्या १४० किलोकॅलरी इमानेइतबारे देत असतो, आणि उपाय अगदी साधा, पण स्वभावाविरुद्ध जाणारा असतो: पाणी अधिक ऊन हवे असेल तर तोटी थोडी बंद करावी.

डोंगराळ मुलखात या हिशेबाला आणखी कात्री लागते. हवा विरळ झाली की ज्योतीला प्राणवायू कमी मिळतो, आणि साध्या बर्नरच्या बाबतीत समुद्रसपाटीपासून प्रत्येक हजार फुटांमागे त्याचे सामर्थ्य सुमारे चार टक्क्यांनी कमी धरावे असा ढोबळ नियम अमेरिकेतील गॅसची कामे करणारे पाळतात. कोलोरॅडोतील लेडव्हिल गाव दहा हजार फुटांहून उंच आहे. तेथे १४० चे ८५ होतात, आणि स्नानाची धार मिनिटाला सव्वादोन-अडीच लिटरांवर येते. पुष्कळ यंत्रांच्या माहितीपुस्तकात उंचीची मर्यादा स्पष्ट छापलेली असते. ती वाचण्याची तसदी बहुधा डोंगरावर पोचल्यावरच घेतली जाते.

या अडचणीवर ज्योत मोठी करणे हा एक मार्ग झाला, परंतु दुसरा अधिक सोपा आणि विनामूल्य मार्ग आहे, ज्याकडे मला वाटते पुरेसे लक्ष दिले जात नाही. गाडीला दोन ठिकाणांहून पाणी मिळू शकते: मुक्कामाच्या जागेवरील सार्वजनिक नळाला रबरी नळी जोडून, अथवा गाडीच्या पोटातील स्वतःच्या टाकीतून पंपाने उचलून. उन्हाळ्यात पहिली पद्धत सोयीची, म्हणून ती सर्वांच्या अंगवळणी पडलेली असते. हिवाळ्यात मात्र तीच अंगाशी येते, कारण उघड्यावर पडलेली नळी रात्रीत गोठते आणि न गोठली तरी जमिनीतील चार अंशांचे पाणी थेट गिझरच्या तोंडाशी आणून सोडते. याउलट दुपारी टाकी भरून घेतली, नळी गुंडाळून आत ठेवली, आणि ती टाकी गाडी तापवणाऱ्या गॅसच्या भट्टीची, म्हणजे फर्नेसची, ऊब पोचणाऱ्या बंदिस्त तळात असली, तर सकाळपर्यंत तिच्यातील पाणी दहा-बारा अंशांवर येऊन बसते. हे आठ अंश फर्नेसने सावकाश, रात्रभरात दिलेले असतात, आणि तेवढा भार गिझरच्या डोक्यावरून उतरतो: ३६ च्या जागी २८ अंशांची वाढ, चारच्या जागी पाच लिटरांची धार. म्हणजे बिनटाकीच्या गिझरला टाकीचा आधार शेवटी हवाच असतो. फरक इतकाच की ती टाकी गरम पाण्याची नसून गारठा मोडलेल्या पाण्याची असते.

न्हाताना मध्येच अंगावर गार पाण्याचा सपका येतो, ही या यंत्राविषयीची दुसरी सार्वत्रिक तक्रार आहे, आणि तिचे कारण समजून घेण्यासाठी तोटी उघडल्यापासून काय काय घडते ते जवळून पाहिले पाहिजे. तोटी फिरवताच नळातील दाब उतरतो. बाकाखाली कोठेतरी बारा व्होल्टांचा पंप खडखडू लागतो. गिझरच्या तोंडाशी बसवलेले लहानसे चाक पाण्याच्या ओघाने फिरू लागते आणि त्याचा वेग ठरावीक मर्यादेच्या, बहुधा मिनिटाला दोन लिटरांच्या आसपासच्या, वर गेला तरच पुढचा हुकूम सुटतो. मग पंखा फिरून पेटीतील जुनी हवा बाहेर टाकतो, ठिणगीची टकटक ऐकू येते, गॅसची झडप उघडते आणि धप्प असा आवाज होऊन ज्योत धरते. या साऱ्या सोपस्कारात काही सेकंद गेलेले असतात, आणि तेवढ्या वेळात जे पाणी पुढे गेले ते थंडच गेले. आता मध्येच साबण लावण्यासाठी तोटी बंद केली आणि पुन्हा उघडली, की नळात आधीचे गरम पाणी, त्यामागे न तापलेले थंड पाणी आणि त्यामागे पुन्हा गरम अशी रांग लागते. टाकीच्या गिझरमध्ये हा प्रकार संभवत नाही, कारण तेथे ज्योत पेटो वा न पेटो, तोटीकडे निघालेले पाणी साठ्यातूनच निघते.

गमतीची गोष्ट अशी की उन्हाळ्यात याच यंत्राचा दोष नेमका उलटा असतो. तेव्हा आत येणारे पाणी मुळातच बेताचे उबदार, गिझर ठेवलेला ५५ अंशांवर, आणि न्हाणारा त्यात भरपूर थंड पाणी मिसळणारा. त्यामुळे गिझरमधून जाणारी धार दोन लिटरांच्या मर्यादेखाली घसरते आणि चाक मंदावून ज्योतच विझते. उन्हाळ्यात धार फार बारीक म्हणून गार पाणी, हिवाळ्यात धार फार मोठी म्हणून गार पाणी, असा हा दुहेरी प्रकार असल्याने एका हंगामात शिकलेली युक्ती दुसऱ्या हंगामात नेमकी घातक ठरते. दोन्ही हंगामांत उपयोगी पडेल असा सल्ला एकच, तो म्हणजे गिझर ४१-४२ अंशांवर, म्हणजे स्नानाच्याच तापमानावर ठेवून थंड पाण्याची तोटी शक्यतो बंद ठेवणे. पंपाचा हेलकावा मात्र त्यानेही जात नाही. पंप दाबाच्या बटनावर चालू-बंद होत असल्याने धारही कमीजास्त होते, आणि तिच्यामागोमाग पाण्याचे तापमानही. त्यासाठी पंपाजवळ हवा भरलेली छोटी दाबटाकी बसवतात. जर्मनीतील ट्रुमा या १९४९ साली स्थापन झालेल्या कंपनीने आपल्या अमेरिकी यंत्रात ज्योतीच्या पुढे सुमारे सव्वा लिटरांचे एक मिश्रणपात्र घालून थंड-गरमाची रांग आतच मोडून टाकली आहे. टाकी काढून टाकण्याची प्रतिज्ञा करून निघालेल्या यंत्रात एवढीशी टाकी मागच्या दाराने परत आली, यात त्या जुन्या कल्पनेचा मोठाच गौरव आहे.

येथवरचा भाग वाहत्या पाण्याचा झाला. हिवाळ्याची खरी परीक्षा पाणी थांबल्यावर सुरू होते, आणि फिरत्या घरातले पाणी चोवीस तासांपैकी तेवीस तास थांबलेलेच असते.

२३ लिटरांच्या टाकीत ६० अंशांचे पाणी असेल तर ते शून्य अंशावर येण्यापूर्वी तिने १,३८० किलोकॅलरी गमवाव्या लागतात. त्यानंतरही सारे पाणी गोठावयाचे तर प्रत्येक लिटरमागे आणखी ८० किलोकॅलरी, म्हणजे एकूण १,८४० बाहेर जाव्या लागतात. भोवती फोमचे वेष्टन असताना एवढी उष्णता निघून जावयास चांगलीच मुदत लागते, आणि तेवढ्यात एकदा जरी ज्योत पेटली तरी खाते पुन्हा भरते. बिनटाकीच्या गिझरच्या वेटोळ्यात पाणी असते अर्धा-पाऊण लिटर. अर्ध्या लिटरचा हिशेब केला तर ४० अंशांपासून शून्यापर्यंत येण्यात त्याच्या वीस किलोकॅलरी जातात आणि पूर्ण गोठण्यात चाळीस. शिल्लक इतकी अल्प की कडाक्याच्या रात्री ती थोड्याच वेळात संपुष्टात येते. त्यात भर अशी की ते वेटोळे तांब्याच्या पातळ नळीचे असून त्यावर ज्योतीची उष्णता चटकन पाण्यात शिरावी म्हणून दाट पाकळ्या बसवलेल्या असतात. आणि पाकळ्यांना दिशा कळत नाही. ज्योत पेटलेली असताना त्या उष्णता आत नेतात, विझलेली असताना तितक्याच तत्परतेने बाहेर नेतात. आणि हे वेटोळे बसवलेले कोठे, तर गाडीच्या बाहेरच्या भिंतीत, जाळीच्या दारामागे, जेथे हवा येण्याजाण्यास मुद्दाम वाट ठेवलेली आहे. राहणाऱ्यांचा जीव वाचावा म्हणून केलेली योजना यंत्राला थंडीच्या तोंडी देते ती अशी.

गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते हे शाळेत शिकवतात, आणि त्यावरून बर्फ जेथे जमतो तेथेच नळ फुटतो अशी समजूत होते. ती बरोबर नाही. इलिनॉय विद्यापीठातील इमारत-संशोधकांनी नव्वदीच्या दशकात घरगुती नळांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की बर्फाचा बोळा एका ठिकाणी जमतो आणि तो वाढू लागला की त्याच्या व बंद तोटीच्या मध्ये कोंडलेल्या पाण्यावर प्रचंड दाब येतो. नळ फुटतो तो त्या कोंडलेल्या पाण्याच्या दाबाने, पुष्कळदा बर्फापासून दूर. याच संशोधनातून बाहेरची हवा उणे सात अंशांच्या सुमारास उतरली म्हणजे वेष्टन नसलेल्या नळांची धडगत नाही, असा इशाराही निघाला. हल्ली गाड्यांत वापरतात ते पेक्स नावाच्या प्लास्टिकचे नळ काही प्रमाणात ताणले जातात आणि बचावतात. तांब्याचे वेटोळे ताणले जात नाही. ते वाकणाच्या बाहेरच्या अंगाला, जेथे धातू आधीच पातळ झालेला असतो, पिकलेल्या शेंगेसारखे उभे तडकते. गोठलेले असेपर्यंत त्यातून थेंबही गळत नाही, त्यामुळे मालकाला पत्ता लागत नाही. दुपारी ऊन पडून बर्फ वितळला आणि पंप सुरू झाला की जाळीच्या दारातून पाण्याचे फवारे उडू लागतात.

म्हणून चांगल्या यंत्रांत गोठणरोधक योजना असते, आणि ती दोन प्रकारची आढळते. काही यंत्रांत आतील तापमान तीन-चार अंशांवर उतरले की ज्योत आपण होऊन थोडा वेळ पेटते; काहींत वेटोळ्याला व जोडनळांना विजेच्या छोट्या तारपट्ट्या गुंडाळलेल्या असतात. दोन्ही योजना उपयुक्त आहेत, पण त्यांचा अंमल कोठवर चालतो हे जाणून असावे. पहिली गोष्ट, त्या यंत्राच्या पेटीपुरत्याच असतात. पेटीपर्यंत येणारा हातभर नळ उघड्या तळातून आला असेल तर तो गोठावयाचा राहत नाही. दुसरी गोष्ट, दोन्हींना बारा व्होल्टांची वीज लागते, कारण ज्योतीच्या प्रकारातही पंखा, ठिणगी आणि झडप विजेवरच चालतात. विजेच्या जोडणीशिवाय रानात मुक्काम असला की हा सारा भार बॅटरीवर पडतो, आणि थंडीत बॅटरीच अर्धी झालेली असते: शिसे-आम्लाची बॅटरी उणे वीस अंशांच्या आसपास आपल्या नेहमीच्या धारकतेच्या निम्म्याच्या जवळपास येते, तर लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी शून्याखाली असताना भारित केल्यास कायमची खराब होते. रात्रभर फर्नेसचा पंखा चालवून पहाटे चारला बॅटरी संपली, की गोठणरोधक योजना नेमकी सर्वांत थंड घटकेला कामावरून उठते.

तिसरी मर्यादा प्रवासातली. गाडी चालू असताना, गिझरला व फर्नेसला गॅस पुरवणाऱ्या प्रोपेनच्या सिलिंडरची झडप बंद ठेवणे हे शहाणपणाचे मानतात, आणि बाल्टिमोरच्या बंदराखालून जाणाऱ्या बोगद्यासारख्या ठिकाणी प्रोपेन नेण्यावरच निर्बंध आहेत. झडप बंद म्हणजे ज्योतीची योजना बंद. त्याच वेळी ताशी शंभर किलोमीटरचा वारा जाळीच्या दारावर आदळत असतो. वारा पाण्याला भोवतालच्या हवेपेक्षा अधिक थंड करू शकत नाही हे खरे, परंतु शून्याखालच्या हवेत तो पाण्याला शून्यावर आणून गोठवण्याचा वेळ कितीतरी पटींनी कमी करतो. त्यामुळे रात्रभर मुक्कामात सुखरूप राहिलेले वेटोळे सकाळच्या तासाभराच्या प्रवासात तडकते. कडाक्याच्या थंडीत निघण्यापूर्वी गिझर रिकामा करावा, ही खबरदारी माझ्या मते वैकल्पिक मानू नये. काही यंत्रांत त्यासाठी एकच खटका असतो आणि काम मिनिटाभरात होते. ज्यांत तो नाही त्यांच्या मालकांना गुडघ्यावर बसून दोन गोठलेले स्क्रू शोधावे लागतात आणि म्हणून ते काम टाळले जाते.

प्रोपेनचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. द्रवरूप प्रोपेन उणे ४२ अंशांवर उकळतो, त्यामुळे थंड मुलखात तोच वापरतात. आपल्या घरगुती सिलिंडरात त्याबरोबर ब्युटेनही असतो आणि तो शून्याजवळच उकळायचा थांबतो. परंतु उकळणे शक्य असणे आणि पुरेसे उकळणे यांत तफावत आहे. प्रत्येक किलो प्रोपेनची वाफ होण्यास सुमारे शंभर किलोकॅलरी लागतात आणि त्या सिलिंडरच्या पत्र्यातून, भोवतालच्या हवेकडूनच मिळतात. ताशी ३०,००० बीटीयूची फर्नेस आणि ४२,०००चा गिझर एकदम चालू झाले म्हणजे तासाला दीड किलो वायूची मागणी होते. उणे पंचवीस अंशांच्या पहाटे, नऊ किलोच्या आणि त्यातही पाऊण रिकाम्या सिलिंडरातून ती पुरी होत नाही. दाब पडतो, ज्योत निळीची पिवळसर होते आणि गिझर चूक दाखवून बंद पडतो. अशा वेळी सिलिंडरला घोंगडी गुंडाळणारे लोक आहेत. हवेकडून उष्णता घेणाऱ्या वस्तूवर घोंगडी घालणे म्हणजे तिची उरलीसुरली मिळकतही थांबवणे होय. दोन सिलिंडर एकत्र जोडावेत, ते निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नयेत, आणि न्हाण्यापूर्वी दहा मिनिटे फर्नेस थांबवावी, हे उपाय खरे उपयोगाचे.

खुद्द स्नानाला गॅस फार लागत नाही. दहा मिनिटांच्या, चाळीस लिटरांच्या स्नानाला दीडशे ग्रॅम प्रोपेन पुरतो, तर फर्नेस तेवढा पंधरा मिनिटांत जाळते. तेव्हा टाकी सतत तापवत न ठेवल्याने होणारी बचत, जिचा जाहिरातीत मोठा गाजावाजा असतो, ती हिवाळी खर्चात शोधूनही सापडत नाही. विजेवरचा इन्स्टंट गिझर का बसवू नये, असेही विचारले जाते. तीस अँपिअरच्या जोडणीवर मिळतात ३.६ किलोवॅट, आणि ३६ अंशांच्या वाढीला तेवढ्यात मिनिटाला जेमतेम दीड लिटर पाणी तापते. टाकीचा गिझर याहून कितीतरी कमी विजेवर, फक्त १,४४० वॉटच्या कांडीवर, सावकाश का होईना पण भरवशाने पाणी तापवून ठेवतो, आणि मुक्कामाच्या भाड्यात वीज धरलेली असेल तर गॅसचा खर्चही वाचवतो.

यावरून माझे मत काय बनले ते उघडच आहे. एका मागोमाग एक चार माणसे न्हाणार असतील, गाडी विजेला जोडलेली असेल आणि तळ बंदिस्त व उबदार असेल, तर बिनटाकीचा गिझर हिवाळ्यातही सुखाने चालतो. चार अंशांच्या पाण्यावर २३ लिटरांची टाकी छत्तीसेक लिटर स्नानजल देऊन हात टेकते, तेथे हा थकत नाही. परंतु रानात, बॅटरीच्या भरवशावर, उघड्या तळाच्या हलक्या गाडीत शून्याखाली राहावयाचे असेल, तर मी जुनी टाकीच पसंत करीन. शिवाय ऊन पाण्याची वाट पाहण्यातही पाणी बरेच वाया जाते: गिझरपासून न्हाणीघरापर्यंतचे नळ तापेपर्यंत दोन-चार लिटर सांडपाण्याच्या टाकीत जातात, आणि रानात ती टाकी भरणे म्हणजे मुक्काम हलवणे. काही महागड्या यंत्रांत नळांतील पाणी फिरते ठेवणारा पंप असतो. तो ही नासाडी टाळतो आणि नळही गोठू देत नाही, पण त्याला पुन्हा वीज लागते.

ज्यांना हिवाळाभर गाडी बंदच ठेवावयाची आहे त्यांचे काम सोपे: पाणी काढून नळांत न गोठणारा द्रव, म्हणजे अँटिफ्रीझ, भरावयाचा. टाकीच्या गिझरला वळसा घालून जाणारी झडप आधी फिरवावी लागते, नाहीतर २३ लिटर अँटिफ्रीझ फुकट त्यातच जाते. बिनटाकीच्या यंत्रात ती बचत आपोआपच होते. मात्र वेटोळ्याची वळणे आडवी-उभी असल्यामुळे निचऱ्याची तोटी उघडून सारे पाणी उतरत नाही, दोन-अडीच बार दाबाच्या हवेने ते फुंकून काढावे लागते. नळांत भरावयाचे अँटिफ्रीझ गुलाबी रंगाचे, प्रॉपिलीन ग्लायकॉलचे असावे. मोटारीच्या रेडिएटरमधले एथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि पिण्याच्या नळांत त्याला थारा नाही. डब्यावरचा ‘−५०’ हा आकडा फॅरनहाइटचा, आणि तोही नळ न फुटण्याचा असतो. त्याच्या कितीतरी आधीच द्रव लगद्यासारखा घट्ट झालेला असतो, त्यामुळे तशा अवस्थेत पंप चालवू नये. वसंतात ते पुरते धुऊन काढून, प्रत्येक तोटीतून हवेचे फुत्कार थांबून सलग धार येईपर्यंत गिझरचे बटन बंदच ठेवावे, आणि पहिल्यांदा दाब चढवताना एकाने बाहेर जाळीच्या दारापाशी उभे राहावे, कारण वेटोळे हिवाळ्यात तडकले असेल तर ते तेव्हाच कळते, आणि नवीन वेटोळ्याची किंमत पुष्कळदा अख्ख्या नव्या गिझरच्या जवळपास जाते.